जुना जोडा आणा

माझे सासू-सासरे एकमेकांशी बोलत नाहीत, हे मला लग्नाआधी कोणी सांगितलं नव्हतं. लग्नानंतर पहिल्याच सकाळी, चहा घेताना सासरे माझ्याकडे वळून म्हणाले, "त्यांना सांग, साखर कमी झालीय."

मी इकडेतिकडे पाहिलं. टेबलाशी चारच माणसं. ज्यांना सांगायचं त्या सासूबाई त्यांच्या समोर, हात लांबवला तर कपाला लागेल एवढ्या अंतरावर बसलेल्या. त्यांनीही माझ्याकडेच पाहिलं. "त्यांना सांग, डबा तिथेच आहे. हात मोडलेले नाहीत."

नवरा पेपरात तोंड खुपसून बसला होता. त्याच्या चेहऱ्यावर जी शांती होती ती मी आधी कधी पाहिली नव्हती. पुढे कळलं की लग्नाआधीचं एक वर्ष हे काम त्याच्याकडे होतं. मला वाटत होतं हा माझ्या प्रेमात पडला. याने फक्त आपलं खातं दुसऱ्याच्या गळ्यात मारलं होतं.

भांडण कशावरून झालं, ते कोणालाच माहीत नव्हतं. सासूबाईंना विचारलं की म्हणायच्या, "त्यांना विचार." सासऱ्यांना विचारलं की, "त्यांना ठाऊक." आणि या 'त्यांना'त एक गंमत होती. पूर्वी सासरे बायकोला इतर नवऱ्यांसारखं 'तू' म्हणायचे, 'अगं, ऐकतेस का' म्हणून घर डोक्यावर घ्यायचे. बोलणं बंद झालं त्या दिवसापासून सासूबाई त्यांच्या तोंडी 'त्या' झाल्या. एवढा मान सबंध संसारात मिळाला नव्हता, असं नवरा म्हणतो.

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. गिऱ्हाइकाच्या डोळ्यापुढे एकेक भिंग सरकवायचं आणि दिवसभर विचारायचं, आता बरं दिसतं की मघाशी बरं दिसत होतं? मध्येच फोन वाजतो. "त्यांना सांग, बाथरूममधून लवकर बाहेर पडा." मग मी सासऱ्यांच्या मोबाईलवर फोन करते, तो बाथरूमच्या आत वाजतो, तो बाहेर उभ्या सासूबाईंना ऐकू येतो, सासरे मला उत्तर देतात आणि तेही सासूबाईंना ऐकू येतं. तरी मी परत फोन करून कळवायचंच. कळवलं नाही तर सासूबाई विचारायच्या, "काही म्हणाले का?"

अशी सहा वर्षं गेली. माणसाला कशाचीही सवय होते. पण मग नवऱ्याची बदली झाली, लांबच्या गावी, आणि मला तिकडे नोकरीही मिळाली. महिनाअखेरीस निघायचं ठरलं. सासू-सासरे यायला तयार नव्हते. "आम्ही आमचे इथे मजेत राहू," असं दोघांनी मला वेगवेगळं सांगितलं.

मजेत कसे राहणार होते, ते त्याच आठवड्यात दिसलं. संध्याकाळी मी घरी आले तर जिन्यातच जळका वास. स्वयंपाकघरात धूर, गॅसवर दुधाचं भांडं काळंठिक्कर, खिडकीचा पडदा एका कोपऱ्यात पेटून विझलेला. आणि समोर खुर्चीवर, मांडीवर हात ठेवून, सासरे.

"बाबा! दिसत नाहीये का?"

"दिसतंय ना," ते खोकत म्हणाले. "केव्हाचा तुला फोन लावतोय. त्यांना सांग, दूध उतू जातंय."

सासूबाई पलीकडच्या खोलीत होत्या. त्यांना वास आला होता. त्याही मलाच फोन लावत होत्या, त्यामुळे दोघांनाही माझा फोन बिझी लागत होता.

गॅस स्वतः का बंद केला नाही, हे मी विचारलं. सासरे म्हणाले, दूध त्यांचं आहे, आपण मध्ये पडलो तर बोलल्यासारखं होईल. मला रडू आलं. आम्ही गेल्यावर ही दोन माणसं एकमेकांच्या डोळ्यांदेखत जळून जातील आणि शेवटच्या क्षणी दोघंही मला फोन लावत असतील, हे मला डोळ्यांपुढे दिसत होतं. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तू बघ ना काय ते." हे त्याचं सगळ्या प्रश्नांवरचं औषध.

अशा मनःस्थितीत दुकानाबाहेरच्या खांबावर मला ती जाहिरात दिसली.

'जुना जोडा आणा, नवा करून न्या! कितीही झिजलेला, उसवलेला, अडगळीत पडलेला चालेल. दोन दिवसांचं शिबिर. मिश्र माध्यम. वाचनालयाचा वरचा मजला.'

मी तिथेच उभी राहून दोनदा वाचली. झिजलेला, उसवलेला, अडगळीत पडलेला. आमच्याच घरात डोकावून लिहिल्यासारखी. मिश्र माध्यम म्हणजे थोडं बोलून, थोडं लिहून, असं काहीतरी असणार, असा मी अर्थ लावला. हल्ली नवरा-बायकोंसाठी काय काय निघतं. मी लगेच नाव नोंदवलं. फोनवरच्या बाईंनी एवढंच विचारलं, "एकच जोडा ना?" मी म्हटलं, "एकच आहे, पण बारा जोड्यांना भारी."

घरी सासूबाई म्हणाल्या, "त्यांना सांग, ते येणार असतील तर मी येते." सासरे म्हणाले, "त्यांना सांग, त्या आल्या तर माझी हरकत नाही." शनिवारी सकाळी आम्ही तिघं वाचनालयाचे जिने चढलो. सासरे कोट घालून, सासूबाई त्यांच्या जांभळ्या स्वेटरमध्ये, मधल्या पायरीवर मी.

वर दारातच शिबिराच्या बाई उभ्या होत्या. अंगात गुडघ्यापर्यंतचा एप्रन, हातात ब्रश. चष्म्यावर रंगाचे इतके शिंतोडे की त्यातून त्यांना नेमकं काय दिसत होतं, ते धंद्याने चष्मेवाली असूनही मला सांगता येणार नाही.

"जोडा आणलाय?"

"हा काय." मी बाजूला सरले.

बाईंनी दोघांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "किती जुना?"

"बेचाळीस वर्षांचा."

"वापर?"

"रोजचा होता. सात वर्षं झाली, नुसता पडून आहे."

"पडून राहिला की कडक होतो," बाई मान हलवत म्हणाल्या. "चावतो?"

"फार!"

"डावा की उजवा?"

डावीकडे सासूबाई होत्या. "दोन्ही चावतात," मी म्हटलं, "पण डावा जरा जास्त." सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की माझं म्हणणं तिथल्या तिथे सिद्ध झालं.

"जीभ जागेवर आहे?"

"आहे. वापरात नाही."

"आतून ओल?"

इथे मी थोडी पुढे झुकले. "तेच तर कळत नाही हो. असावी, असं मला वाटतं."

किती नेमकं विचारतायत, किती अनुभव असेल या बाईंना, असं वाटून मी हात जोडणार होते, तेवढ्यात माझं लक्ष आत गेलं. लांबच लांब टेबलावर बूट, सँडल, गमबूट. एका कोपऱ्यात आमच्या दुकानाशेजारचे दाताचे डॉक्टर त्यांच्या जुन्या टेनिसच्या बुटाला प्लास्टरचे दात एकेक करून चिकटवत होते. भिंतीवरच्या फळीवर एका बुटाच्या पोटात घड्याळ, एका सँडलवर शिंपले, एका चपलेत निवडुंग.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि मला जिन्यावरून गडगडत खाली जावंसं वाटलं.

"बाई, माफ करा. माझी चूक झाली. मला वाटलं, जोडा म्हणजे..."

"चूक कसली?" बाई सासऱ्यांच्या कोटाची बाही चिमटीत धरून बघत होत्या. "जोडा आणा म्हटलं, तुम्ही आणलात. माल अस्सल आहे. शिवण उसवलीय, पण धागा जुना, चांगला आहे. मी आजवर एकही जोडा परत पाठवलेला नाही."

मी सासू-सासऱ्यांकडे वळले. मला वाटलं, आता दोघंही भडकतील. सासूबाई म्हणाल्या, "त्यांना सांग, एवढे जिने चढून आलोय तर काहीतरी करून घेऊनच जायचं." सासरे म्हणाले, "त्यांना सांग, अगदी माझ्या मनातलं बोलल्या." सात वर्षांत त्यांचं एवढं एकमत झालं नव्हतं. मी मध्ये पडणारी कोण?

बाईंची कामाची रीत पक्की होती. आधी धूळ झाडायची. मग आकार धरावा म्हणून आत वर्तमानपत्राचे बोळे भरायचे. सासऱ्यांच्या कोटात आणि सासूबाईंच्या स्वेटरच्या बाह्यांत एवढे बोळे गेले की दोघांचे हात अंगापासून लांब राहिले. मग पांढऱ्या रंगाचा पहिला हात. तोंडाला रंग लावायचा नाही, एवढं मी भांडून कबूल करून घेतलं. मग गळ्यापासून कमरेपर्यंत प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या, आणि त्या वाळायच्या आत वर सजावट. सासरे आयुष्यभर घरोघर विजेचे मीटर वाचत फिरले होते, म्हणून बाईंनी त्यांच्या छातीवर मीटरचे जुने काटे आणि तारांची वेटोळी लावली. सासूबाई शिवणकाम करायच्या, त्यांच्या खांद्यांवर रिळं आणि चेनी आल्या. शेवटी बाईंनी एक लांबलचक नाडी घेतली आणि कोटाच्या काजातून स्वेटरच्या काजात, परत कोटात, अशी ओवत नेली.

"दोघांना वेगवेगळ्या का नाही?" मी विचारलं.

"मग त्या दोन वस्तू होतील. जोडा होणार नाही."

दोघं टेबलावर शेजारी शेजारी बसले होते, नाडीने बांधलेले, पांढरेशुभ्र. सासूबाई म्हणाल्या, "त्यांना सांग, कोपर काढा." सासरे म्हणाले, "त्यांना सांग, ते कोपर नाही, पेपर आहे." मी हातात ब्रश घेऊन टेबलाभोवती फिरत निरोप पोचवत होते.

बाईंचा शेवटचा नियम असा की वार्निशच्या आधी हकिगत सांगायची. ज्या जोड्याची हकिगत सांगितली नाही त्यावर वार्निश धरत नाही, असा त्यांचा ठाम समज होता. दाताच्या डॉक्टरांनी उभं राहून सांगितलं की या बुटांनी ते एकही सामना जिंकले नाहीत, आणि खाली बसून डोळे पुसले. मग माझी पाळी आली.

"हा जोडा अडगळीत का पडला?" बाईंनी विचारलं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "खरंच माहीत नाही."

"मग जोड्यालाच विचारा."

सगळे थांबले. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. प्लास्टरमुळे मान वळत नव्हती, आणि कदाचित म्हणूनच बोलणं त्यांना सोपं गेलं असावं.

"त्यांना विचार," त्या म्हणाल्या, "बदलून मिळाला का?"

"काय बदलून मिळाला का?" मी विचारलं.

"जोडा. सात वर्षांपूर्वी फोनवर कोणाशी तरी बोलत होते. मी चहा घेऊन दाराशी उभी. म्हणाले, हा जोडा पहिल्यापासूनच विजोड. एकीकडे चिमटतो, एकीकडे ढिला. ओढला इतकी वर्षं, आता सोसवत नाही. बदलून मिळत असेल तर बघा." मग त्या मला म्हणाल्या, "विचार त्यांना. मिळाला का बदलून?"

डॉक्टरांच्या हातातला दात गोंदाच्या वाटीत पडला. मला सासऱ्यांकडे बघवेना. मी निरोप सांगितला नाही, आणि सांगायची गरजही नव्हती.

सासऱ्यांच्या कपाळावरून घाम ओघळून पांढऱ्या कॉलरमध्ये गेला.

"त्यांना सांग," ते म्हणाले, "ते बूट होते. ऑफिसने शेवटच्या वर्षी दिलेले. एक आठ नंबरचा आला, एक नऊचा. मी स्टोअरमधल्या माणसाशी बोलत होतो."

"बूट होते, आई," मी म्हटलं.

"बूट?" सासूबाईंनी भिंतीलाच विचारलं. "मग त्यांना विचार, बदलून का नाही घेतले?"

"नंबर संपला होता," सासरे म्हणाले. "तसेच वापरले. ढिल्या पायात दोन मोजे घालून."

"धुवायला तर रोज दोनच..." सासूबाई बोलता बोलता थांबल्या. मला वाटलं, गळ्याशी प्लास्टर आवळलं असेल. मग प्लास्टरला कड्डकन तडा गेला, कारण सासूबाईंनी मान वळवली होती. माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे.

"एका पायात दोन मोजे?"

"पायात नाही तर काय डोक्यावर घालू? काहीतरीच विचारतेस!"

विचारतेस. सासऱ्यांनी 'तेस' म्हटलं. ते स्वतःच दचकले. माझ्या हातातला ब्रश खाली पडला, तो मी उचललाच नाही.

"सात वर्षं!" सासूबाई कडाडल्या. "सात वर्षं तोंडात काय गुळणी धरून बसला होतात? बूट म्हणायला काय झालं होतं?"

"तू विचारलंस का?"

"मी का विचारू? बोललात तुम्ही!"

"आणि परवा दूध जळत होतं तेव्हा? धूर नाकात जात होता ना तुझ्या?"

"आणि तुमच्या हाताला काय झालं होतं हो? खुर्चीत बसून आरती ओवाळत होतात?"

"हलू नका! तडे जातायत!" बाई ओरडत होत्या. कोण ऐकतो? सात वर्षांचं साचलेलं होतं. पडदे, पाहुणे, नळ, माझ्या लग्नातला सासऱ्यांचा टाय, सगळं निघालं. प्लास्टरच्या खपल्या उडत होत्या, मीटरचे काटे टपटप गळत होते. पण नाडी ओवलेली असल्यामुळे कोणालाही उठून जाता येत नव्हतं. सासरे तणतणत उठले की सासूबाईही उठायच्या, सासूबाई बसल्या की सासऱ्यांनाही बसावं लागायचं. मी मात्र एका स्टुलावर बसून ढसाढसा रडत होते. माझ्या नोकरीतून मला मोकळं केलं होतं.

रविवारी प्रदर्शन होतं. डागडुजी करून त्या दोघांना चौथऱ्यावर बसवलं, समोर पाटी ठेवली: 'जोडा. मिश्र माध्यम.' गर्दी तिथेच सगळ्यात जास्त होती. तरी बक्षीस दाताच्या डॉक्टरांना मिळालं. परीक्षक म्हणाले, ही कलाकृती प्रेक्षकांकडे अजिबात लक्ष देत नाही, आपापसातच बोलते.

त्यानंतर घरात दिवसभर भांडणाचा आवाज येऊ लागला आणि मी निर्धास्त सामान बांधायला घेतलं.

माळ्यावरच्या जुन्या बॅगा काढताना मागे एक खोकं सापडलं. आत कागदात गुंडाळलेले काळे बूट होते. ऑफिसचा शिक्का टाचेवर तसाच होता. मला हसूच आलं. हेच ते विजोड पात्र! गंमत म्हणून मी बूट उलटे करून तळ पाहिले.

बारीक अक्षर वाचणं हा माझा धंदा आहे. तळ पुसला आणि पुन्हा पाहिला. खिडकीशी नेऊन भिंगाने पाहिला. उजवा नऊ. डावाही नऊ.

मी शिडीच्या पायरीवरच बसले. मग एकेक आठवायला लागलं. त्या फोनच्या वेळी बूट नवेकोरे होते, तर 'ओढला इतकी वर्षं' म्हणजे काय? सासऱ्यांचा असा संताप आला की बूट घेऊन जावं आणि त्यांच्यासमोर आपटावे. माणसाने बोलावं एक, ते ऐकलं जावं आणि वर बुटावर ढकलून मोकळं व्हावं! तेवढ्यात खालून आवाज आला. "अगं, माझा चष्मा कुठे ठेवलास?" "तुमच्या नाकावर!" आणि मग सासूबाईंचं हसू. ते हसू या घरात मी पहिल्यांदा ऐकलं.

सहा वर्षं मी मिठाचे, गॅसचे, बाथरूमचे सगळे निरोप जसेच्या तसे पोचवले, एक शब्द खाली पडू दिला नाही. हा पोचवायचा की नाही, याचा मी शिडीवर बसून खूप विचार केला. मग बूट पिशवीत घातले आणि बाईंकडे गेले.

या वेळी सगळं मी माझ्या हातांनी केलं. धूळ झाडली, कागद भरला, पांढरा हात दिला. सासूबाईंच्या डब्यातली बटणं मागून आणली होती, ती तळाला लावायला घेतली, एकाला एक खेटून, जराही फट न ठेवता.

"तळ कोणी सजवत नाही," बाई म्हणाल्या. "तो दिसत नाही."

"मला तळच सजवायचाय."

"आणि हकिगत?"

"या जोड्याला हकिगत नाही."

"मग वार्निश धरणार नाही."

"दोन हात जास्त द्या," मी म्हटलं. बाईंनी शिंतोडे उडालेल्या चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं आणि डबा पुढे सरकवला.

निघायच्या दिवशी मी ते बूट दाराशी फळीवर ठेवले. एकात किल्ल्या, एकात टॉर्च. सासूबाईंना ते फार आवडले. त्यांनी एक हातात घेतला, आपली बटणं ओळखली, मग तो उलटा केला आणि तळावरून सावकाश अंगठा फिरवला.

"इथे नंबर असतो ना?"

"हो," मी म्हटलं.

"बटणं घट्ट बसलीत?"

"घट्ट."

"बरं केलंस," त्या म्हणाल्या. "बेचाळीस वर्षं यांचे मोजे मीच धुतेय गं."

त्यांनी बूट फळीवर ठेवला, दुसऱ्याला चिकटून बसेल असा सारखा केला आणि आत तोंड करून ओरडल्या, "अहो, ऐकलंत का, मुलं निघाली!"

"ऐकू येतं मला!" आतून सासरे ओरडले. "तूच जरा हळू बोल!"

मी बॅग उचलली. कोणाला काही सांगायचंय का, म्हणून सवयीने थोडी थांबले. कोणालाच काही सांगायचं नव्हतं.